‘मी’चे खंडन आणि ‘मी’ची ओळख

१

‘तू कोण?’ हा प्रश्न मराठी जगात दोन निरनिराळ्या ठिकाणी विचारला गेलेला आहे. एक ठिकाण गुरूच्या सान्निध्याचे. तेथे उत्तर शोधता शोधता उत्तर देणाराच नाहीसा व्हावा अशी अपेक्षा असते. दुसरे ठिकाण देवळाच्या दाराचे, पाणवठ्याचे, भाड्याच्या खोलीच्या उंबरठ्याचे. तेथे उत्तर मिळताक्षणी उत्तर देणारा कायमचा निश्चित होतो. त्याने कोठे उभे राहावे, काय शिवावे, किती अंतरावरून बोलावे हे ठरून जाते. आपल्याकडील अद्वैतविचाराची चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नापुरतीच होते आणि दुसरा प्रश्न समाजशास्त्राच्या हवाली केला जातो. ही वाटणी सोयीची असली तरी निर्दोष आहे काय, हे तपासण्याची गरज आहे.

या तपासणीला नाशिकचा परिसर विशेष अनुकूल आहे. नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर येथे निवृत्तिनाथांची समाधी आहे. जवळच्या ब्रह्मगिरीवर त्यांना गहिनीनाथांकडून उपदेश मिळाला असे परंपरा सांगते. या उपदेशाचे तत्त्वज्ञानातील फलित म्हणजे ज्ञानदेवांचे ‘अनुभवामृत’, ज्याचे रूढ नाव ‘अमृतानुभव’. नाशिकमध्येच, पंचवटीत, काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी त्याच्या दारांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराची दारे बंद करून घेण्यात आली. ‘मी’ ही एक संकल्पना आहे, असे सांगणारा मराठीतील सर्वांत धीट ग्रंथ ज्या परंपरेतून आला आणि संकल्पना किती जड असू शकते याचा प्रत्यय जेथे आला, ती ही एकच भूमी आहे.

२

‘अनुभवामृता’ची दहा प्रकरणे ही खंडनांची एक चढती मालिका आहे. दुसऱ्या प्रकरणात गुरुस्तवन आहे. पण त्या स्तवनातच ज्ञानदेव गुरूच्या नावावर विचार करू लागतात. प्रवृत्ती असेल तर तिच्यापासून निवृत्ती. जेथे प्रवृत्तीच नव्हती, तेथे निवृत्ती हे नाव तरी कसे लागू पडावे? वंदन करावे तर वंद्य आणि वंदक असे दोन उरत नाहीत. ज्या व्यक्तीविषयी सर्वाधिक आदर आहे, तिच्या नावापासूनच संकल्पनांची छाननी सुरू व्हावी, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसऱ्या प्रकरणात चारही वाणींचे ऋण फेडताना ज्ञानदेव शिवसूत्राचा आधार घेतात आणि ज्ञानदेखील बंधन ठरते हे नोंदवतात. पाचव्यात सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे हाती घेतली जातात. ही पदे वस्तूचे वर्णन करीत नाहीत; आपापल्या विरुद्ध पदाचे निवारण करतात आणि तेथेच संपतात. सहावे प्रकरण शब्दखंडनाचे. त्यात आरंभी शब्दाचा मोठा गौरव आहे. शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो. परंतु जे स्वतःला कधी विसरलेच नाही, त्याला आठवण कशाची करून द्यावयाची? शब्दाने अविद्या नाहीशी होते म्हणावे, तर अविद्या मुळात असावी लागेल. या शेवटच्या अटीचाच निकाल सातव्या, सर्वांत दीर्घ प्रकरणात लावला जातो. अज्ञान कोणाला, ते कोठे राहते, कोणत्या प्रमाणाने कळते, अशा प्रश्नांची फेर धरून अज्ञान ही वस्तूच नाही, असा निर्णय होतो. आठव्यात, अज्ञान नाही म्हणून अज्ञानसापेक्ष ज्ञानही नाही.

या ग्रंथाचे आणि उत्तर-संरचनावादी विचाराचे साम्य दाखविण्याचा मोह अलीकडच्या अभ्यासकांना होतो. पदाचा अर्थ त्याच्या विरुद्ध पदावर अवलंबून असतो, हे निरीक्षण दोन्हीकडे आहे. परंतु येथे घाई करू नये. जाक देरिदा यांच्या विरचनेत अर्थ सतत पुढे ढकलला जातो आणि पूर्ण उपस्थितीचा दावा संशयास्पद ठरतो. ज्ञानदेवांच्या खंडनात शब्द अपुरा ठरतो तो नेमक्या उलट कारणाने: जे उपस्थित आहे त्याला शब्दाची गरजच नाही म्हणून. दोघेही शब्दाला थांबवतात. एकाजवळ त्यानंतर शब्दच उरतात, दुसऱ्याजवळ शब्दावाचूनचे असणे उरते.

हीच विचारधारा विसाव्या शतकापर्यंत वाहत आली. मुंबईच्या खेतवाडीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज ‘मी आहे’ ही जाणीव साधनेसाठी हाती धरावयास सांगत आणि अखेरीस ती जाणीवही एक संकल्पनाच आहे, असे म्हणत. १९७३मध्ये त्यांची निरूपणे इंग्रजीतून प्रसिद्ध झाल्यावर ही मराठी विचारपद्धती जगभर पोहोचली. ‘मी’ला वस्तू न मानता एक धारणा मानणे आणि ती धारणा कोणाला होते हे विचारीत राहणे, हे या पद्धतीचे सार आहे.

३

येथवरच्या विवेचनात नैतिक प्रश्न उपस्थित होत नाही असे वाटेल. तो उपस्थित होतो तो एका जुन्या आक्षेपामुळे. सर्वत्र एकच चैतन्य असेल, तर माणसामाणसांतील भेद टिकतो कसा? परंपरेतील प्रचलित उत्तर असे की, भेद व्यावहारिक आहे, अभेद पारमार्थिक आहे. दोन्ही आपापल्या पातळीवर खरे. या उत्तराने तात्त्विक अडचण सुटते. पण एक सामाजिक सवलतही मिळते. परमार्थात ऐक्य मान्य करून व्यवहारात विटाळ पाळता येतो आणि त्यात विसंगती केल्याचा दोषही लागत नाही.

काळाराम मंदिराच्या दाराशी ही सवलत उघडी पडली. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी स्थानिक पातळीवर चालविलेला हा लढा काही वर्षे चालला. मार्च १९३४मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला दिला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा प्रवेशाने ते समान ठरतील, अशी आपली समजूत नव्हती. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी हा मार्ग घेतला, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा झाली.

आंबेडकरांनी अद्वैताची बाजू समजून न घेताच ते नाकारले, असे म्हणण्याची सोय नाही. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि १९८७मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या लेखनात एक प्रकरण ब्रह्मविचारालाच वाहिलेले आहे. प्रत्येकात ब्रह्म आहे हे तत्त्व लोकशाहीला बंधुतेच्या कल्पनेहूनही भक्कम पाया देऊ शकले असते, असे ते तेथे मान्य करतात. मग या तत्त्वातून नवा समाज का घडला नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. ब्रह्माला धर्माचा, म्हणजे आचाराचा, आधार केले गेले नाही, असे त्यांचे निदान. हा आक्षेप बाहेरच्याचा नाही. अद्वैताने स्वतःचेच म्हणणे गंभीरपणे घ्यावे, अशी ती मागणी आहे.

या ठिकाणी ‘अनुभवामृता’कडे पुन्हा वळावे लागते. ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान शांकर अद्वैताच्या चौकटीतील की तिच्याहून निराळे, हा वाद मराठीत जुना आहे. शं. दा. पेंडसे यांनी एक बाजू मांडली, तर भा. पं. बहिरट यांनी चिद्विलासाच्या अंगाने दुसरी. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु अज्ञानखंडन अक्षरशः घेतले तर एक निष्कर्ष टळत नाही. दोन सत्तांची व्यवस्था अज्ञानाच्या गृहीतकावर उभी असते. अज्ञानच नाही असे ठरले, तर भेदाला आश्रय देणारी वेगळी व्यावहारिक पातळीही उरत नाही. जग हे सत्यावरचा पडदा नसून सत्याचेच प्रकटन आहे, असे म्हटल्यावर त्या जगात घडलेला अपमान ‘केवळ व्यवहारातला’ राहू शकत नाही. तो जेथे घडतो तेथेच सत्य घडत असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वच जर चैतन्याचा विलास, तर बंद दारही विलासच, असे म्हणावयास कोणाला अडवणार? नवव्या प्रकरणात मुक्ताचे सहज चालणे हीच शिवाची यात्रा ठरते. हा विचार उदात्त आहे. पण ज्याच्या पायांना कोणतीही वाट बंद नाही अशा माणसाची प्रतिमा त्यात गृहीत आहे. १९३०च्या रामनवमीला ज्यांचे पाय रथाच्या दोराजवळ पोहोचू दिले नाहीत, त्यांच्या चालण्याचे काय, हा प्रश्न त्या प्रकरणाच्या कक्षेत येत नाही. ज्ञानदेवांची भावंडे स्वतः संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडली होती, हे परंपरेने जपलेले वृत्त लक्षात घेता ही अनुपस्थिती अधिकच जाणवते.

४

संकल्पना नेमकी कोठे असते? अद्वैती चिकित्सा ती धारण करणाऱ्याच्या जाणिवेत शोधते. ‘मी अमुक आहे’ ही धारणा माझी, म्हणून ती मीच न्याहाळावी आणि मीच सोडावी. जात ही संकल्पना मात्र दोन ठिकाणी वास करते: जिच्यावर ती लादली आहे त्याच्या मनात, आणि पाहणाऱ्याच्या नजरेत, गावाच्या रचनेत, दाराच्या कडीत. पहिल्या ठिकाणाहून ती गेली तरी दुसऱ्या ठिकाणी ती पूर्ववत राहू शकते.

हा भेद तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा एका कथेने अधिक स्पष्ट केला आहे. नाशिकजवळच्या विहितगाव येथे, सत्याग्रहाच्याच वर्षी, १९३०मध्ये जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षककथेचा निवेदक नोकरीसाठी परगावी येतो आणि जात न सांगता राहतो. जातीच्या धारणेतून तो मनाने केव्हाच बाहेर पडलेला आहे. त्याच्यापुरते पाहिले तर ‘मी’ला चिकटलेली उपाधी गळून पडली आहे. तरीही भेद उघड होताच त्याला मार बसतो. शेवटी, मारणारी ती माणसे नव्हती, मनू होता, अशा आशयाचे जे उत्तर तो देतो, त्याचा अर्थ सहसा क्षमाशीलतेच्या अंगाने लावला जातो. तत्त्वदृष्ट्या ते आणखी काही सांगते. हात माणसांचे होते. प्रहार संकल्पनेचा होता. संकल्पना असत् आहे असे सिद्ध करता येईल; पाठीवरचे वळ मात्र त्या सिद्धीने जात नाहीत.

शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापदही विचार करण्याजोगे आहे. वेदान्तात उपाधीचा त्याग करणारा मुक्त म्हणविला जातो. येथे तीच उपाधी बाजूला ठेवणारा चोर ठरतो. कृती एकच असून तिची दोन नावे पडतात, कारण ‘मी’ सोडण्याचा अधिकारही सर्वांना सारखा दिलेला नव्हता.

यावरून अद्वैती आत्मपरीक्षण निरुपयोगी ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. ज्याच्या नजरेत दुसऱ्याची जात वसली आहे, त्याच्या दृष्टीने ते परीक्षण अत्यंत उपयोगाचे आहे. ‘मी शुद्ध’ ही धारणा कोणाला होते, ती कशावर उभी आहे, तिचे विरुद्ध पद काढून घेतले तर ती उरते काय, हे ‘अनुभवामृता’च्या पाचव्या प्रकरणाच्या रीतीनेच विचारता येते. ‘शुद्ध’ हे पद ‘अशुद्धा’चे निवारण करण्यापुरतेच जिवंत असते. अशुद्ध कोणी नाही असे ठरताच शुद्धाचेही खंडन होते, जसे अज्ञानाबरोबर ज्ञानाचे झाले. परंपरेचा दोष खंडनाच्या पद्धतीत नव्हता. ती पद्धत ज्या ‘मी’वर प्रथम चालवावयाची, त्याची निवड चुकली. ज्याला आपला ‘मी’ उभाच करू दिला नव्हता, त्याला तो विसर्जित करण्याचा उपदेश झाला. आणि ज्याचा ‘मी’ वतनाप्रमाणे पिढ्यान्पिढ्या चालत आला होता, त्याचे खंडन समाधीच्या एकांतापुरते राहिले.

५

आंबेडकरांनीही शेवटी ‘मी’ला नित्य पदार्थ मानले नाही, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. १९५६मध्ये नागपूर येथे त्यांनी स्वीकारलेल्या बुद्धविचारात आत्मा नाकारलेला आहे, आणि १९५७मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये हा नकार ठामपणे मांडला आहे. म्हणजे ‘मी’चा निरास दोन्हीकडे आहे. फरक निरासानंतर काय उरते यात आहे. अद्वैतात एकमेवाद्वितीय जाणीव उरते. आंबेडकरांच्या मांडणीत माणसामाणसांतील संबंध उरतो आणि धम्म म्हणजे त्या संबंधातील नीती. एका बाजूला दुसरा कोणी उरत नाही. दुसऱ्या बाजूला केवळ दुसऱ्याशी असलेले नातेच उरते.

या दोन टोकांचा सहज समन्वय होईल असे मानण्याचे कारण नाही. १९४७च्या मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायद्याने मंदिरांची दारे उघडण्याची तरतूद झाली. कायद्याने कडी काढता येते, पाहणाऱ्याची नजर तेवढ्याने बदलत नाही. त्या नजरेची चिकित्सा करण्याचे साधन मराठीला तेराव्या शतकापासून उपलब्ध आहे. ज्ञानदेवांनी ते गुरूच्या नावावर चालवावयास संकोच केला नाही. मग आपल्या आडनावावर ते चालविण्यास अद्वैताच्या अभ्यासकाने संकोच का करावा, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर ग्रंथाच्या अर्थनिर्णयातून मिळणारे नाही. पुढच्या वेळी कोणी परका उंबरठ्याशी येईल, तेव्हा ‘तू कोण?’ हा प्रश्न आधी त्याला विचारला जातो की स्वतःला, यावरूनच ते ठरावयाचे आहे.