घर बांधताना मन ढासळू नये म्हणून

हरिभक्त वाचकहो, प्रपंचात घर बांधणे हे एक अनुष्ठानच आहे. त्यातून आमच्या मावळात पावसाची धास्ती. मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, म्हणून चैत्र-वैशाखात घोरावाडी, सोमाटणे, तळेगाव या बाजूला जुन्या भिंती उतरतात आणि दारोदार खडी-वाळूचे ढीग पडतात. ज्यांना दुसरीकडे बिऱ्हाड करणे परवडत नाही, ते त्याच अर्ध्या घरात राहतात. स्वयंपाक ओसरीवर, अंथरूण धुळीत आणि पैशाची ओढाताण. मग कीर्तन आटोपल्यावर एखादा गृहस्थ हळूच विचारतो, "बुवा, इतकी वर्षे माळ गळ्यात आहे, तरी दिवसभर चिडचिड होते. माझी भक्ती कच्ची का?"

नाही हो! थकणे हा देहाचा धर्म आहे, ते पाप नव्हे. 'आश्रम' हा शब्दच मुळी श्रम् धातूपासून झाला. गृहस्थाश्रमातून श्रम काढून टाकले तर उरले काय? पण 'गृह' शब्दात ग्रह् धातू आहे, त्याचा अर्थ धरणे. घर आपण धरले आहे की घराने आपल्याला धरले आहे, विचार करायचा तो एवढाच.

कोणी म्हणेल, तुकोबाराय भंडाऱ्यावर जाऊन बसत, आम्हीही घोराडेश्वराच्या डोंगरावर जाऊन बसावे. अवश्य बसा, तासभर बसा. पण त्याच तुकोबारायांनी देहूच्या पडक्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार केला, हेही चरित्रकारांनी सांगितले आहे. एकांत आणि माती, दोन्ही त्यांनी जवळ केली.

आता वारी आठवा. तिथे ऊन, चिखल, उघड्यावर निजणे सगळे असते, पण वारकरी आंबट होत नाही. का? कारण तिथे रोजचा मुक्काम ठरलेला असतो आणि सोबतीला दिंडी असते. घराच्या कामात या दोन्ही गोष्टी नसतात, म्हणून जीव कासावीस होतो. तेव्हा त्या आणाव्या. एक खोली, निदान एक कोपरा, मोडतोडीबाहेर ठेवावा. सांजेला हातोडी थांबली की सर्वांनी एकत्र बसून हरिपाठ म्हणावा. त्यानंतर हिशेबाची वही उघडू नये. फरशी तोडण्याआधी पाणी शिंपडावे, तोंडाला फडके बांधावे, म्हाताऱ्यांना व पोरांना शेजारी पाठवावे. ती धूळ छातीत बसते. आणि ओसरीवर चूल मांडणाऱ्या घरच्या लक्ष्मीचे श्रम सर्वांत अधिक, हे विसरू नये.

खरी परीक्षा पुढेच आहे. थकलेल्या माणसाचा राग पाण्यासारखा उताराकडे धावतो, म्हणजे बायकोवर, सुनेवर, शेवटी मजुरावर. "काम रेंगाळले" म्हणून आपण गवंड्यावर ओरडतो. अहो, सिमेंटलाही त्याचा काळ लागतो. स्लॅबला निदान 7 दिवस पाणी द्यावे लागते आणि मोठ्या गाळ्याखालचे टेकू 14 दिवसांआधी काढू नयेत. तिथे घाई केली तर छत डोक्यावर येईल. गवंडी खरेच चुकला तर स्पष्ट सांगावे, पण अपमान करू नये आणि मजुरी अडवू नये.

1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. गावाच्या भिंतीसाठी राबणाऱ्या त्या संताला गावाने आत घेतले नव्हते. आपल्या दारात पत्र्याच्या खोपटात राहून आपले घर उभे करणाऱ्या बाईमाणसाकडे पाहताना ही गोष्ट मनात असू द्यावी. आपली गैरसोय चार-सहा महिन्यांची, तिची जन्माची. आपण वास्तुशांतीला पेढे वाटू, तोवर ती दुसऱ्याच्या वाळूच्या ढिगाशी चूल मांडून बसलेली असेल.

म्हणून दमलात तर दमलो म्हणा, बसा, पाणी प्या. आणि एक तांब्या तिलाही द्या. भिंत ओळंब्यात आहे की नाही ते गवंडी पाहील. आपले मन ओळंब्यात आहे की नाही, ते मात्र आपणच पाहायचे. रामकृष्णहरी.