निरपराध्याची सोय

रहस्यकथेवरून चित्रपट निघाला म्हणजे मूळ कथेतले किती उतरले आणि किती गळाले याचा जमाखर्च मांडीत बसण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु अगाथा ख्रिस्तीची १९३९ सालची, आज ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावाने ओळखली जाणारी कादंबरी आणि तिच्यावर उघड उघड बेतलेला राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ (१९६५) यांच्यामधला खरा तंटा प्रसंगांचा नसून न्यायासनाचा आहे, असे मला वाटते.

रूपांतराविषयी सोवळे पाळण्याचा अधिकार आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना मुळीच नाही. ज्या संस्थानच्या मुलखात, श्योपूरला, जन्मलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांनी हिंदी कवितेला नवे वळण दिले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, तेथे कथेने भाषा बदलली म्हणून ती बाटली असे कोण म्हणेल?

कादंबरीतील दहा माणसे एका बेटावर गोळा होतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरून प्रत्येकाच्या नावे आरोप वाचला जातो, आणि ते आरोप असे, की कोणत्याही कचेरीत त्यांची फिर्याद टिकू नये: पत्नीच्या प्रियकराला मरणाच्या मोहिमेवर धाडणारा सेनापती, गरोदर मोलकरणीला घराबाहेर काढणारी धर्मनिष्ठ बाई, सांभाळायला दिलेल्या पोराला समुद्रात दूरवर पोहू देणारी व्हेरा. ऐंशीहून अधिक वर्षांनंतर रहस्य फोडण्यात पातक नाही, म्हणून सांगतो, की या सर्वांचा काळ ठरलेला मनुष्य निवृत्त न्यायाधीश आहे; ज्याने उभा जन्म पुराव्याच्या चौकटीत राहून फैसले दिले तोच अखेरीस ती चौकट मोडतो, आणि मोडतानाही ज्याचा अपराध हलका त्याला आधी मारावे, ज्याचा भारी त्याने भय अधिक काळ भोगावे, अशी शिक्षेची प्रतवारी लावण्याची जुनी सवय त्याला सोडवत नाही. तहकीकात करणारा चतुर गुप्तहेर येथे नाही, आणि ज्याच्या पाठीशी उभे राहावे असे निर्मळ पात्रही नाही.

‘गुमनाम’मध्ये विमानातून उतरवून दिलेले पाहुणे आहेत, ओसाड जागेतली हवेली आहे, मेहमूदचा विनोदी खानसामा आहे, प्राण, हेलन आणि आपले धुमाळ आहेत, आरंभीचे क्लबातले नृत्य तर इतके बेभान, की ‘घोस्ट वर्ल्ड’ या २००१ सालच्या अमेरिकी चित्रपटाची सुरुवातच त्याने होते. मात्र येथे दहा निरनिराळ्या पातकांच्या जागी एका धनिकाच्या खुनाचा कट येतो, मारणारा आपला स्वतःचा सूड उगवतो, मास्टर विनायकांची कन्या नंदा हिची भूमिका निष्कलंक राहते आणि विमानातला नोकर म्हणून वावरणारा मनोजकुमार पोलीस अधिकारी निघतो. सरकारचा अंमल त्या हवेलीत वेषांतर करून आधीच हजर होता, हे कळताच प्रेक्षक निर्धास्त होतो.

याचा दोष नवाथ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘आह’चा (१९५३) शोकान्त शेवट बदलून सुखान्त करावा लागला होता, तेव्हा प्रेक्षक काय सोसतो हे ते जाणून होते. परंतु १९४३ साली या कथेचे नाटक करताना दोघांना जिवंत ठेवून त्यांचे लग्न लावण्याची तडजोड खुद्द लेखिकेनेच केली, आणि रने क्लेअरच्या १९४५ सालच्या चित्रपटाने तीच उचलली. ही तडजोड मला ‘गुमनाम’पेक्षा अधिक खटकते, कारण न्यायाधीश तसाच ठेवून दोन आरोपी निर्दोष ठरवले, की त्याने निरपराध्यांनाही फाशीच्या यादीत घातले असे सिद्ध होते, आणि कायद्याच्या उणिवेवर बोट ठेवणारा तो भयंकर मनुष्य केवळ एक माथेफिरू होऊन बसतो. नवाथ्यांच्या पटकथेत न्यायाधीशच नाही, तेव्हा तिचा सुखान्त निदान तिच्या स्वतःच्या कैफियतीशी इमान राखतो.

कोणालाही जिवंत न ठेवण्याचे धैर्य स्तानिस्लाव गोवोरुखिन या दिग्दर्शकाने १९८७ सालच्या आपल्या रशियन चित्रपटात दाखवले. तेथे नंदासारखी कोणी नसल्यामुळे प्रेक्षकाला शेवटच्या फासापर्यंत व्हेराच्याच शेजारी बसावे लागते.