दुधाचेच तर दात

घराघरांत एक वाक्य अगदी सहज म्हटलं जातं. पोराच्या दाढेत काळा खड्डा दिसतो, आई काळजीत पडते आणि कोणीतरी मोठं माणूस धीर देतं, ‘‘दुधाचेच तर दात आहेत, पडतीलच की.’’ म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. आईनं घाबरू नये, पोराला दवाखान्याची धास्ती बसू नये, एवढंच त्याला हवं असतं. दात पडणार हेही खरं. पण कधी पडणार, हे आपण सहसा मोजत नाही. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, म्हणून सगळेच तेव्हा जातात असं वाटतं. मागच्या दाढांचं तसं नाही. त्या मूल सव्वा ते अडीच वर्षांचं होईपर्यंत येतात आणि दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पहिलीतल्या मुलाची दाढ किडली, तर ती पडायला अजून साधारण चार वर्षं आहेत. आपल्याला चार वर्षं म्हणजे फार नाहीत. सहा वर्षांच्या मुलासाठी तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा दोन-तृतीयांश काळ आहे. तेवढे दिवस भाकरी, काकडी, शेंगदाणे त्याला याच दाढांनी चावायचे आहेत. एकाच बाजूनं चावणारी, ताटातलं मऊ तेवढंच खाणारी, रात्री रडत उठणारी, वर्गात गालावर हात ठेवून बसणारी मुलं आपण पाहतो. ‘नखरे करतो’ म्हणून सोडून देतो. पुष्कळदा ते नखरे नसतात, ठणका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात जगभरातल्या दात किडलेल्या मुलांचा अंदाज दिला आहे. सुमारे 51 कोटी 40 लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे.

दुधाची दाढ आणखी एक काम गुपचूप करत असते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तशी ती खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा धरून ठेवते. कीड लागून ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि नव्या दाताला वाकडंतिकडं उगवावं लागतं. याच वयात आणखी एक गोष्ट घडते आणि ती बहुतेक आईवडिलांच्या लक्षात येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. ती सगळ्यात मागे येते आणि तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच समजली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. पहिले पाच दात दुधाच्या संचातले. त्यांच्या मागचा सहावा दिसला, तर ती कायमची दाढ. ती जन्मभर पुरवायची आहे. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, नव्या दाताचं आवरण अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि छोट्या हातातला ब्रश तिथवर नीट पोचत नाही. म्हणून कीड तिला लवकर गाठते. दंतवैद्य या खाचा एका लेपानं बंद करून देतात. त्याला इंजेक्शन लागत नाही आणि दुखतही नाही. विचारून बघण्यासारखी गोष्ट आहे.

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरत नाही. दातांवर जो पांढुरका, चिकट थर बसतो, त्यात जिवाणू राहतात. आपण खाल्लेली साखर त्यांनाही मिळते आणि तिच्यापासून ते आम्ल तयार करतात. या आम्लानं दाताच्या टणक आवरणातले क्षार थोडे थोडे विरघळतात. दुधाच्या दातांचं आवरण मुळातच पातळ असतं, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. लाळ या सगळ्याशी झुंजत असते. ती आम्लाचा जोर कमी करते, गेलेले क्षार परत भरून काढते. मात्र त्यासाठी तिला अर्धा-एक तास तरी लागतो. म्हणून दिवसभरात किती गोड खाल्लं याइतकंच ते किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे. सकाळी चहा-बिस्कीट, मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट, शाळेतून येताना गोळी, घरी चिक्की, संध्याकाळी वेफर्स आणि झोपताना साखर घातलेलं दूध, असा दिवस गेला तर लाळेला सवडच मिळत नाही. बिस्किटं आणि वेफर्स तर दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. गूळ आणि मध साखरेपेक्षा बरे, असं आपण मानतो. दातांच्या बाबतीत त्यांना वेगळी सूट नाही. याचा अर्थ आजीनं प्रेमानं केलेला लाडू बंद करायचा असा नाही. तो जेवणाबरोबर खाऊ द्यावा, मग खळखळून चूळ भरायला लावावी. मधल्या भुकेला फुटाणे, काकडी, एखादं फळ ठेवावं. सगळ्यात जपायची ती रात्र. आपल्याकडे सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नाही, ही शिस्त घरोघरी पक्की आहे आणि ती चांगलीच आहे. पण झोपेत लाळ फार कमी सुटते, दातांची राखण करणारं कोणी उरत नाही. तेव्हा दाढेत अडकलेलं बिस्कीट किंवा दातांवर राहिलेलं गोड दूध रात्रभर आपलं काम करत राहतं. दात घासायच्या दोन वेळांपैकी एकच जमणार असेल, तर मी रात्रीची निवडीन. जमवायच्या मात्र दोन्ही.

मुलांच्या बाबतीत आपली नजर फार पुढे असते. पुढे उपयोगी पडेल म्हणून क्लास, पुढे अडू नये म्हणून पाढे. हे योग्यच आहे, मुलांच्या उद्याची काळजी आईवडिलांनी नाही करायची तर कोणी करायची? पण मूल उद्यात राहत नाही. त्याची भूक आजची असते, हसू आजचं असतं, ठणकाही आजचाच असतो. जे थोड्याच दिवसांचं आहे, त्याचीही निगा राखावी लागते, कारण त्या थोड्या दिवसांतच त्याचं सगळं बालपण असतं. ही निगा राखायला पैसा फारसा लागत नाही, रात्रीची दोन-तीन मिनिटं लागतात. कामावरून दमून आल्यावर तीही जड वाटतात, हे खरं आहे. आई, बाबा, आजोबा, मोठी ताई, ज्याला सवड असेल त्यानं हे करावं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत. त्यांना आधी त्यांचं घासू द्या, मग मागे उभं राहून त्यांचं डोकं आपल्या पोटाला टेकवा आणि मागच्या दाढांवरून आपल्या हातानं ब्रश फिरवा. तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराईडचं प्रमाण 1000 पीपीएम लिहिलेलं असावं. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या भागांतल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. तिथल्या पालकांनी लहान मुलांसाठीची पेस्ट दंतवैद्यांना विचारून घ्यावी. घासून झालं की पेस्ट थुंकायला सांगा, लगेच चुळा भरायला लावू नका, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराईड दातांवर राहतं. त्यानंतर साध्या पाण्याखेरीज काही नको. मुलं सुरुवातीला कुरकुर करतात, आठवडाभरात त्यांनाच सवय लागते. शाळेत आरोग्य पथक येऊन गेलं की दप्तरातली चिठ्ठी नीट वाचा. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे दातही तपासले जातात आणि गरज असेल तिथे पुढच्या उपचारांसाठी पाठवलं जातं. त्याची वाटही बघायला नको. आज रात्री जेवणं झाली की मुलाचा वरचा ओठ अलगद उचलून उजेडात बघा. हिरडीजवळ दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर ती किडीची पहिली खूण आहे. त्या टप्प्यावर ती थांबवता येते, मागेही फिरवता येते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला, तर दुखायला लागण्याची वाट न बघता याच आठवड्यात दंतवैद्यांकडे जाऊन या.