देह कोणाच्या डोळ्यांनी पाहावा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन भेटीस आले. मुलाचे पोट सुटलेले. पुण्यात शस्त्रक्रियेवाचून, नुसत्या थंडाव्याने चरबी उतरवितात असे त्यांच्या कानी आले होते. "फादर, यात पाप तर नाही ना?" आईने विचारले. मुलगा मान खाली घालून सदरा पुढे ओढीत होता.

देहाची निगा राखणे हे पाप नव्हे, एवढे उत्तर सोपे होते. आम्ही अडलो ते पुढे.

या उपचाराचे मूळ मुलांच्या आइसकांडीत आहे. ती चोखताना गालांतील चरबीला थंडीने इजा होते, असे डॉक्टरांनी १९७० साली नोंदविले. चरबीच्या पेशी त्वचेहून लवकर थंडीस बळी पडतात, हा धागा धरून बोस्टनच्या डॉ. मॅनस्टाइन व डॉ. अँडरसन यांनी ही पद्धत विकसित केली. अमेरिकेत पोटासाठी तिला २०१२ साली मान्यता मिळाली. परंतु ती केवळ त्वचेखालची चरबी घटविते. आतड्यांभोवतीची चरबी, जी मधुमेहाला व हृदयविकाराला वाट करून देते, तिच्यापर्यंत ही थंडी पोहोचत नाही. क्वचित उलट परिणाम होऊन त्याच जागी चरबी वाढते. लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलने आपली ही व्यथा २०२१ साली जाहीर केली. मग जे घालवायचे ते दुखणे, की लोकांची नजर?

शिवाय सुटलेले पोट म्हणजे खादाडपणा, हा समजही तपासावयास हवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले व जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांच्या अभ्यासात असेही आढळले की, आपली बाळे वजनाने हलकी असूनही चरबी राखून जन्मतात. ज्या आपल्या जिल्ह्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला बालकांच्या कुपोषणाशी झुंज दिली, तेथे पोटाचा दोष एकट्या मुलाच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

आम्ही मुलाला एकट्याला बसवून विचारले. शाळेत 'पैलवान' म्हणून चिडवितात, म्हणाला. हे नाव त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीच ठेवले होते, कौतुकाने. त्याच्या तोंडून ते ऐकताना आम्हांस खाली पाहावे लागले. अशा लाजेपोटी दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही.

आईवडिलांना सांगितले, आधी बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातील साखर तपासून घ्या. यंत्राचे त्याला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तोच ठरवील. तोवर गोड चहा आणि खारी साऱ्या घरानेच कमी करावी, त्याच्या एकट्याच्या ताटावर पहारा नको. वडिलांना हे फारसे पटलेले दिसले नाही. पैशांची सोय झालेली आहे, एवढेच ते म्हणाले.