पन्नास दिवस

इतिहासात जर-तरला जागा नाही, असे आपण सहज म्हणून जातो. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हणही तीच ताकीद देते. त्यामुळे झालेले युद्ध वेगळ्या तऱ्हेने संपले असते का, हा प्रश्न अनेकांना रिकामटेकडा वाटतो. श्रद्धावंताला तर तो उद्धटपणाचाही वाटू शकतो; जे घडले ते ईश्वरेच्छेने घडले, तिथे आपण कोण शंका घेणार? मला मात्र वाटते की अशी कल्पना करून पाहणे हे नैतिक कर्तव्य आहे, आणि ज्यांनी ईश्वराचे नाव घेऊन युद्ध चालवले त्यांच्यावर ते सर्वांत अधिक बंधनकारक आहे. इराण आणि इराक या दोन शेजाऱ्यांचे १९८० ते १९८८ चे युद्ध समोर ठेवले, की हे का म्हणायचे ते स्पष्ट होते.

२२ सप्टेंबर १९८० रोजी इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेन याच्या फौजा इराणमध्ये घुसल्या. शत्त-अल-अरब नदीतली सीमा ठरवणारा १९७५ चा अल्जीयर्स करार त्याने पाचच दिवस आधी धुडकावला होता. आक्रमक कोण, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खोर्रमशहर हे इराणी बंदर गल्लोगल्लीच्या लढाईनंतर पडले, आणि लोक त्याला ‘खूनीनशहर’, म्हणजे रक्तात न्हालेले शहर, म्हणू लागले. २४ मे १९८२ रोजी इराणने ते परत मिळवले. जूनमध्ये इराकने एकतर्फी युद्धबंदी जाहीर करून बहुतेक इराणी भूमीवरून माघार घेतली. १२ जुलैला सुरक्षा परिषदेने ५१४ क्रमांकाचा ठराव करून दोन्ही देशांना शस्त्रे खाली ठेवायला आणि सीमेमागे जायला सांगितले. १३ जुलैला इराणने बसऱ्याच्या रोखाने इराकमध्ये चढाई केली. खोर्रमशहर परत मिळाले त्या दिवसापासून या चढाईपर्यंत पन्नास दिवस होतात. त्यापुढे युद्ध आणखी सहा वर्षे चालले. बसरा कधीच पडला नाही. १९८६ मध्ये इराणने जिंकलेले फाव हे इराकी बंदर १९८८ च्या एप्रिलमध्ये हातचे गेले. त्याच्या महिनाभर आधी सद्दामने हलब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडून हजारो माणसे मारली होती. अखेर जुलै १९८८ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी सुरक्षा परिषदेचा युद्धबंदीचा ५९८ क्रमांकाचा ठराव स्वीकारला, आणि हे आपल्याला विष पिण्यासारखे आहे, असे सांगितले. सीमा जिथे होती तिथेच राहिली.

आता जर-तरच्या आक्षेपाकडे येऊ. कल्पनेला लगाम नसेल तर तिला काही अर्थ नाही, हे मान्य. पण दोन अटी घातल्या की हा खेळ राहत नाही. पहिली अट अशी, की बदललेली गोष्ट एकच असावी आणि ती कोणा माणसाच्या निर्णयाच्या हातात असावी. दुसरी अशी, की तो पर्याय त्या काळच्या माणसांना दिसलेला असावा, आपण मागाहून शोधलेला नसावा. १९८२ चा उन्हाळा या दोन्ही अटींना उतरतो. तहाचा प्रस्ताव टेबलावर होता. क्रांतीनंतरचे पहिले पंतप्रधान मेहदी बाझरगान आणि त्यांच्या पक्षाने खोर्रमशहरनंतर युद्ध लांबवायला उघड विरोध केला. शिवाय कोणावरही दोष ठेवताना आपण जर-तरच करत असतो. ‘त्याने हे केले नसते तर हे झाले नसते’ एवढे म्हणता येत नसेल, तर सद्दामलाही जबाबदार धरता येणार नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. सद्दामवर विश्वास कोणी आणि का ठेवायचा? करार मोडणारा माणूस दम खाऊन पुन्हा चालून आला असता. सीमेवरचे काही उंचवटे तेव्हाही इराककडेच होते, आणि इराणने मागितलेली भरपाई व आक्रमकाला शिक्षा यांचा ५१४ मध्ये उल्लेखही नव्हता. १९९० मध्ये कुवेतवर झालेला हल्ला पाहिला तर ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. पण अविश्वासातून निघते ती सीमेवर खडा पहारा ठेवण्याची गरज. बसऱ्यावर चाल करण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. इराणी सैन्य तेव्हा स्वतःच्या भूमीवर आणि विजयाच्या भरात होते. राखणीसाठी त्याहून चांगली वेळ पुढे आली नाही. आणि १९८८ मध्ये युद्धबंदी झाली ती त्याच सद्दामशी. सहा वर्षांत तो अधिक विश्वासार्ह झाला नव्हता. इराण मात्र अधिक थकला होता. १९९१ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी १९८० चे आक्रमण इराकचेच असल्याचे नोंदवले, हे खरे. त्या चौकशीची तरतूद ५९८ मध्ये होती, हेही खरे. पण तो निर्वाळा कुवेतनंतर, सद्दाम जगाच्या नजरेतून उतरल्यावर आला. बसऱ्याच्या दलदलीत पडलेल्या मुलांनी तो मिळवून दिला असे म्हणता येत नाही.

मग या पन्नास दिवसांत तह का नाकारला गेला? लष्करी आणि राजकीय कारणे होतीच. पण त्यांना बळ मिळाले ते करबलाच्या स्मृतीतून. आजच्या इराकमधल्या करबला इथे इ. स. ६८० मध्ये प्रेषितांचे नातू इमाम हुसेन अन्यायापुढे न झुकता मूठभर साथीदारांसह मारले गेले. शिया मनाचा तो गाभा आहे आणि त्याची थोरवी मी मानतो. ‘कुद्सची, म्हणजे जेरुसलेमची, वाट करबलातून जाते’ ही युद्धकाळातली इराणी घोषणा याच स्मृतीवर उभी होती. पण त्याच परंपरेत हुसेन यांचे थोरले बंधू हसनही आहेत. इ. स. ६६१ मध्ये त्यांनी खिलाफतीवर दावा सांगणाऱ्या मुआवियाशी तह केला, आणि शिया त्यांनाही तितकाच निर्दोष इमाम मानतात. त्याही आधी, ६२८ मध्ये, प्रेषित मुहम्मद आणि मक्केकर यांच्यात हुदैबियाचा तह झाला. यात्रा न करता परत फिरा, अशी मक्केकरांची अट होती. मसुद्यात ‘अल्लाहचा प्रेषित’ ही शब्दयोजना त्यांना नको होती. परंपरा सांगते की ती पुसायला मसुदा लिहिणाऱ्या अलींचा, म्हणजे हसन-हुसेन यांच्या वडिलांचा, हात धजेना, तेव्हा प्रेषितांनी ती स्वतः पुसली. साथीदारांना तो अपमान वाटला. कुराणाने त्याला उघड विजय म्हटले. म्हणजे थांबण्याचा मार्ग बाहेरून उसना आणावा लागत नव्हता. तो धर्माच्या घरातच, करबलाच्या शेजारच्या खोलीत होता. म्हणूनच ‘ईश्वराची इच्छा होती’ हे उत्तर अपुरे पडते. दोन पवित्र उदाहरणांपैकी कोणते उचलायचे हे माणसांनी ठरवले, आणि ठरवणारा माणूस असला की जाब त्यालाच द्यावा लागतो.

शेवटचा आक्षेप दुःखाच्या पोटातून येतो: असे बोलल्याने हुतात्म्यांचे मरण वाया गेले असे होत नाही का? नाही. लढणाऱ्या मुलाचे धैर्य आणि त्याला पाठवणाऱ्याचा निर्णय या दोन गोष्टी आहेत. पहिलीला वंदन करून दुसरीची झडती घेता येते. आपल्याकडे महाभारताने हे जाणले आहे. कृष्णशिष्टाईत पाच गावांवरही तह होऊ शकला असता, ही कल्पना व्यासांनी कथेबाहेर ठेवली नाही. आणि जिंकलेला युधिष्ठिर शांतिपर्वाच्या आरंभी राज्य नको म्हणतो, तेव्हा क्षात्रधर्माच्या एकाही युक्तिवादाने त्याचा सल पुरता जात नाही. त्याचे युद्ध धर्म्य ठरूनही तो सल उरतो. तेहरानजवळच्या बेहेश्त-ए-झहरा दफनभूमीत एक कारंजे होते. त्यातून रक्तासारखे लाल पाणी उडे. भोवती हुतात्म्यांच्या थडग्यांवर काचेच्या पेट्या, पेट्यांत कोवळ्या मुलांचे फोटो. श्रद्धेने तिथे जाणाऱ्याने थडग्यावरची तारीखही वाचावी. २४ मे १९८२ पर्यंतच्या तारखा आपले घर राखताना आलेल्या मरणाच्या आहेत. १३ जुलैनंतरच्या प्रत्येक तारखेपुढे ‘हा जगला असता का?’ हा प्रश्न उभा आहे. तो विचारणे हीच त्या मुलांसाठी करता येण्यासारखी प्रार्थना आहे, कारण पुढच्या वेळी असे पन्नास दिवस पुढ्यात आले तर ते ओळखायची सवय तिच्यातूनच लागते.