सामाईक हवेची वाटणी

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, कॉट बेसिसवर राहणाऱ्या सहा विद्यार्थ्यांत माझा भाचा दोन वर्षे होता, आणि त्यास भेटावयास गेलो असता एका संध्याकाळी जे पाहिले ते माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही. राउटर पुढील खोलीत, पहिल्या कॉटच्या उशाशी असलेल्या फळीवर होता. मागील खोलीत, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीपलीकडे राहणारा नांदेडकडचा एक मुलगा मोबाईल छातीशी धरून जिन्याच्या पायरीवर स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान ऐकत होता. आत बसत का नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "मामा, आत रेंज येत नाही. पैसे मात्र सगळ्यांचे सारखेच."

पैसे सारखे म्हणून वाटणी न्याय्य, ही समजूत किती अपुरी आहे हे बिनतारी जाळ्याचे कार्य पाहिल्यावर ध्यानात येते. एका वाहिनीवर एका वेळी एकाच यंत्राने बोलावे असा तेथील दंडक आहे. प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वी हवा मोकळी आहे काय हे ऐकते, नसल्यास थांबते, आणि मोकळी झाल्यावरही क्षणभर दम धरून मगच आपला मजकूर पाठविते. पाळी प्रत्येकास सारखी मिळते खरी; परंतु भिंतीआडच्या यंत्राचा वेग मंदावलेला असल्यामुळे तेवढाच मजकूर पोहोचविण्यास त्यास कित्येक पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हवा अडून राहिल्याने राउटरच्या शेजारी बसलेल्याचाही वेग घटतो. मागच्या खोलीतील मुलाची गैरसोय ही अशा रीतीने साऱ्या बिऱ्हाडाची गैरसोय होते, आणि ती दूर करणे हा त्याच्यावर उपकार नव्हे, हे पुढच्या खोलीतील मुलांस कोणीतरी समजावून सांगावयास हवे होते.

ज्याने त्याने आपापली जोडणी घ्यावी, असे सुचविणारे पुष्कळ भेटतात. पण तारा निराळ्या घेतल्या तरी हवा तीच राहते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या अवघ्या ३; तेव्हा एका मजल्यावर सहा राउटर बसविले की त्यांतील काहींना एकमेकांची पाळी पाहत थांबावेच लागते. शिवाय २००५ साली केंद्र सरकारने या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांस परवान्यातून सूट दिली, त्यामुळे तेथे मालकी सांगण्याची कोणासच सोय नाही. गायरानासारखी ती सर्वांची जागा आहे.

सामाईक वस्तूची वाटणी कशी करावी याचा धडा आपल्याकडे पूर्वीच घालून दिला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा हक्क जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने दिला, भूमिहीनासही त्यात वाटा ठेवला, आणि उसास मनाई केली. एकाच्या उसाने दहा जणांची ज्वारी वाळते, हे त्यांनी ओळखले होते. एकाने सायंकाळी भरमसाट चित्रपट उतरवून घ्यावेत आणि दुसऱ्याची सराव परीक्षा मध्येच तुटावी, हा प्रकार मला याच जातीचा वाटतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्कात अंतर्भूत मानली. तेव्हा येथे प्रश्न करमणुकीचा उरलेला नाही.

भाच्याशी मी हे सविस्तर बोललो. पुढील खेपेस गेलो तेव्हा मुलांनी वर्गणी काढून लांब तार आणली होती आणि राउटर दोन खोल्यांमधील चौकटीवर, खुंटीला सुतळीने बांधला होता. सात ते अकरा या वेळात चित्रपट उतरवू नयेत, असा कागद खाली डकवला होता आणि त्यावर सहा सह्या होत्या. नांदेडचा मुलगा आपल्या कॉटवर भिंतीला टेकून बसला होता. व्याख्यान चालू होते, म्हणून त्याने हातानेच मला बसावयास खुणावले.