बाप्तिस्म्याची वही, कोतवाल बुक आणि माण

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की चर्चचा मनोरा, हिरवळ आणि भला पाद्री डोळ्यांपुढे येतो. हा कादंबऱ्यांचा प्रताप. पॅरिश म्हणजे देवळाची हद्द तर होतीच, पण हक्काचीही हद्द होती. पिकाचा दहावा हिस्सा पाद्र्याचा. गरिबाला पोसायचं, पण तो आपल्या पॅरिशचा असेल तरच. उपऱ्याला त्याच्या मूळ पॅरिशात धाडून देण्याचा कायदा १६६२ पासूनचा.

आपल्याकडच्या माणसाला यात परकं काय वाटावं? मुळशीतलं माण घ्या, मावळातलं कुठलंही गाव घ्या: खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, महार, न्हावी, गुरव आपापलं बलुतं न्यायला हजर. जमिनीवर पिढीजात हक्क असलेला मिरासदार निराळा, बाहेरून आलेला उपरी निराळा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाड्या’त ही व्यवस्था मांडली ती महसूल खात्यात काढलेल्या आयुष्याच्या जोरावर, आणि म्हणूनच तिच्याबद्दल हळवं न होता.

१८३६ साली ब्रिटिश संसदेने पाद्र्याचं धान्य रोख रकमेत बदललं. त्याच वर्षी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीनपाहणी इंदापुरात तीस वर्षांचा सारा ठरवत होती. फरक बारीक, पण जीवघेणा. तिकडची रक्कम सात वर्षांच्या धान्यभावाच्या सरासरीबरोबर वरखाली व्हायची. इकडे भाव पडोत की पाऊस बुडो, आकडा तोच; आणि मुदत संपल्यावरच्या फेरपाहणीत तो चढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले, कर्ज थकलं, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. हवे होते ते कर्जरोखे. ते हाती लागले की जाळायचे. कागदाची ताकद या लोकांना चांगलीच कळली होती.

कागदाचाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवहीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असे रकाने होते. चर्चबाहेरचे पंथ त्यात नसत. तरी शेतमजुराचं पोर जमीनदाराच्या पोराच्या खालच्याच ओळीत येई. आज त्याचा पणतू तिथे आपला पणजोबा शोधू शकतो. आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तराला माणूस दिसे तो जमिनीतून. ज्याच्या नावावर काही नाही तो दप्तरात नाही. महाराची नोंद व्हायची ती वतनामुळे, म्हणजे त्याच्यावर लादलेल्या राबण्यामुळे. १८७४ च्या वतन कायद्याने त्या बांधिलकीला शिक्का दिला आणि बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यावर दुरुस्ती विधेयक आणलं, ते उगाच नव्हे.

जन्ममृत्यूंची नोंद पुढे कोतवाल बुकात आली. तिथे धंद्याच्या रकान्याऐवजी जात, आणि अनेक नोंदींत मुलाचं नावच नाही. अमक्याला मुलगा झाला, एवढंच. ही वही २०२३ मध्ये एकदम मोलाची ठरली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि कोणा कारकुनाने सवयीने लिहिलेल्या दोन अक्षरांवर नातवंडांच्या प्रवेशाचा प्रश्न येऊन ठेपला. मला यात आनंदापेक्षा धास्ती अधिक वाटते. ज्याच्या पणजोबाची जात त्या दिवशी लिहायची राहिली, त्याने कुठे जायचं?

आजचं माण म्हणजे हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा. एमआयडीसीच्या संपादनानंतर सातबारे बदलले, शेतात काचेच्या इमारती आल्या, आणि मिरासदाराचे वंशज घरमालक झाले. नव्या उपऱ्यांना कोणी धाडून देत नाही. त्यांच्या भाड्यावर गाव चालतं. पण त्यांची नावं पाहायला जा. मूल वाकडच्या दवाखान्यात जन्मलं तर नोंद पिंपरी-चिंचवड महापालिकेत, कारण कायदा जन्माचं ठिकाण पाहतो. मतदार यादीतलं नाव बहुतेकदा लातूरला किंवा चंद्रपूरला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरमालक. भाडेकरू सापडतो तो भाडेकरारात, आणि घरमालकाने पोलिसांकडे दिलेल्या माहितीच्या अर्जात. त्यात मूळ गावाचा पत्ता न चुकता विचारलेला असतो.